सायकलचा पुढचा दिवा कोठें बसवावा ?

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आमच्या शाळेंतील एक विद्यार्थी सायंकाळची शिकवणी आटोपून सायकलवरून घरीं परत येत होता. दिवा नवा होता व चांगला प्रकाशतही होता. तरीपण रस्त्यांतील खड्डा त्यास दिसला नाहीं. तो पडला आणि त्याचें मनगट मोडलें. दुसऱ्या दिवशीं आम्हीं ती सायकल पाहिली, तेव्हां कारण उमगलें. दिवा हँडलच्या मधोमध होता, आणि हँडलला अडकविलेली पुस्तकांची पिशवी त्याच्यापुढें येत होती. तिची छाया नेमकी चाकापुढच्या रस्त्यावर पडत होती. वडिलांनीं दिव्याच्या किंमतीकडे पाहिलें नव्हतें. परंतु त्याच्या जागेचा विचार मात्र कोणींच केला नव्हता. म्हणून, विद्यार्थिमित्रहो व पालकहो, हा साधा वाटणारा विषय आम्हीं येथें घेतला आहे.

पुढच्या दिव्याचीं कामें दोन. पहिलें, आपण इतरांस दिसावें. दुसरें, रस्ता आपणांस दिसावा. पहिल्या कामास दिवा उंच असलेला बरा. दुसऱ्या कामास तो किंचित् खालीं असलेला बरा. तो कां, हें आतां पाहूं.

रात्रीं दगड किंवा खड्डा आपणांस दिसतो तो मुख्यतः त्याच्या छायेमुळें. समजा, दिव्यापासून ५ मीटर पुढें रस्त्यावर ५ सेंटिमीटर उंचीचा दगड आहे. दिवा जमिनीपासून १ मीटर उंच असेल, तर दगडाची छाया सुमारें २६ सेंटिमीटर लांब पडेल. तोच दिवा अर्ध्या मीटरवर आणला, तर छाया ५५ सेंटिमीटरांहून अधिक होईल. समरूप त्रिकोण शिकलेल्या विद्यार्थ्यांनीं हें गणित वहींत करून पाहावें. कांहीं जण दिवा डोक्यावर बांधतात. तेथें प्रकाश व दृष्टि जवळजवळ एकाच रेषेंत येतात. त्यामुळें छाया दगडामागें लपते आणि खडबडीत रस्ताही सपाट भासतो. शिवाय मान वळेल तिकडे दिवा वळून समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. पंक्चर काढतांना असा दिवा उपयोगी. चालवितांना एकट्या त्याच्यावर विसंबूं नये.

आतां सायकलवरील जागा पाहूं. हँडलवर दिवा बसविणें सर्वांत सोपें. तो लांबून दिसतो, व सायकल बाहेर ठेवितांना काढून खिशांतही घालतां येतो. परंतु पिशवी, करंडी व ब्रेकच्या तारा यांची अडचण तेथेंच अधिक. हँडलवरच बसवावयाचा झाल्यास त्याच्यापुढें कांहींही येऊं देऊं नये.

जुन्या धाटणीच्या काळ्या सायकलींना हँडलच्या खालीं, पुढच्या बाजूस, दिव्यासाठीं लोखंडी पट्टी असे. पूर्वी तेथें कार्बाइडचा दिवा अडकवीत. कार्बाइडवर पाणी ठिबकून ॲसिटिलीन वायु तयार होई व तो जळे. पुढें डायनॅमोचा दिवाही तेथेंच आला. ही जागा आजही उत्तम आहे. मात्र पुढें करंडी असल्यास ती निरुपयोगी होते.

तिसरी जागा चाकाच्या चिमट्याच्या माथ्यावर, मडगार्डच्या लगत वर. येथें दिवा मधोमध राहतो, करंडीच्या खालून प्रकाश टाकतो आणि छायाही पुरेशी लांब पडते. चौथी जागा चिमट्याच्या एका बाजूस, खालीं. तेथें चाकाचीच छाया रस्त्याच्या दुसऱ्या बाजूवर पडते. आणि पट्टी ढिली होऊन दिवा तारांत अडकला, तर स्वार तोंडघशीं पडेल. अन्य उपाय नसेल तरच ही जागा निवडावी, व तीही उजवीकडे. आपल्याकडे वाहनें डावीकडून चालतात. अर्थात् समोरचा मनुष्य आपल्या उजव्या बाजूनें येतो. ब्रिटनमध्यें वाहतूक अशीच डावीकडून चालते. तेथील १९८९ च्या नियमांतही सायकलचा पुढचा दिवा मधोमध किंवा उजव्या बाजूस असावा, असें सांगितलें आहे.

जागा ठरली म्हणजे काम संपलें असें नव्हे. दिव्याचा रोख साधला पाहिजे. सपाट जागीं, भिंतीपासून दिवा ५ मीटरांवर येईल अशी सायकल उभी करावी. एकानें तीवर बसावें व दुसऱ्यानें ती धरावी. दिवा ८० सेंटिमीटर उंच असेल, तर प्रकाशाचा मध्य भिंतीवर ४० सेंटिमीटरांवर पडला पाहिजे. म्हणजे रस्त्यावर तो १० मीटर पुढें पडेल. ताशी १५ किलोमीटर वेगानें हें अंतर तोडण्यास सुमारें अडीच सेकंद लागतात. पाहणें, समजणें व ब्रेक दाबणें हें सर्व तेवढ्या अवधींत उरकावयाचें असतें. दिवा वर रोखल्यास समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपला रस्ता अंधारांतच राहतो.

आमच्या त्या विद्यार्थ्याचें मनगट आतां बरें झालें आहे. त्याचा दिवा मडगार्डच्या वर आला आहे, व पिशवी मागच्या कॅरियरवर गेली आहे. पालकांस आमची विनंति एवढीच कीं, आज दिवेलागणीस मुलाची सायकल घराच्या भिंतीसमोर उभी करावी आणि ही परीक्षा त्याच्यासह करून पाहावी. पांच मिनिटांचें हें काम आहे. तेवढ्यानें एखादा मोठा अपघात टळूं शकेल.