जैवनीती आणि विधिशास्त्र : सहा वर्षांचा एक अभ्यासक्रम

घरात एक डॉक्टर असावा आणि एक वकील असावा, अशी मनीषा आपल्या समाजातील कित्येक मातापितरे बाळगून असतात. एकाच विद्यार्थ्याने या दोन्ही व्यवसायांच्या सीमेवर उभे राहून अध्ययन करावे, अशी सोय अमेरिकेतील विद्यापीठांत होऊ शकते. जैवनीती, म्हणजे वैद्यक व जीवशास्त्र यांच्या व्यवहारातील कर्तव्याकर्तव्यविचार, या विषयात पदवी संपादन करावयाची आणि त्याच ओघात विधिमहाविद्यालयात प्रवेश करावयाचा, असा हा मार्ग होय.

तेथे सामान्यतः पहिल्या पदवीस 4 वर्षे व 'ज्यूरिस डॉक्टर' या कायद्याच्या पदवीस 3 वर्षे लागतात. 'तीन-तीन' योजनेत चौथे वर्ष आणि कायद्याचे पहिले वर्ष एकच धरले जाते. अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमानुसार, अशा संयुक्त योजनेत पदवीचे तीन चतुर्थांश काम पुरे केलेल्या विद्यार्थ्यास विधिमहाविद्यालय घेऊ शकते. 120 श्रेयांकांची पदवी असेल तर 90 श्रेयांक. एका वर्षाचे शुल्क वाचते, आणि त्या देशात ही रक्कम लहान नव्हे! न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात अशी योजना आहे. रॉचेस्टर विद्यापीठात जैवनीतीची पदवी मिळते, परंतु त्याचे स्वतःचे विधिमहाविद्यालय नाही. यास्तव दोन्ही बाजू कोठे जुळतात, हे विद्यार्थ्याने आधीच पाहिले पाहिजे.

हे दोन विषय एकत्र यावेत, यास इतिहासच कारण आहे. अलाबामातील टस्कीगी परिसरात 1932 ते 1972 या काळात सरकारी आरोग्य खात्याने सुमारे 600 कृष्णवर्णीय पुरुषांवर एक निरीक्षण चालविले. त्यांपैकी 399 जणांस उपदंश होता. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिले गेले नाही, आणि रोगाचे खरे नावही सांगितले गेले नाही. बहुतेक गरीब शेतमजूर! हे उघडकीस आल्यावर 1974 मध्ये कायदा झाला, आणि 1979 च्या बेलमाँट अहवालाने व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वे घालून दिली. ज्यांचे पूर्वज रत्नागिरीकडून मॉरिशसला आले आणि न वाचता आलेल्या करारपत्रावर खूण करून ऊसमळ्यात राबले, त्यांना समजून दिलेली संमती व नुसती संमती यांतील अंतर निराळे सांगावयास नको.

न्यायालयांनाही हे प्रश्न सोडवावे लागले. कॅरेन क्विन्लन ही तरुणी 1975 मध्ये बेशुद्ध झाली. तिचे श्वसनयंत्र काढावे, अशी पित्याची विनंती न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये मान्य केली, आणि अशा प्रसंगी रुग्णालयाच्या नीतिसमितीचा विचार घ्यावा असे सुचविले. यंत्र काढल्यावरही ती 1985 पर्यंत जगली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग 1973 मधील हल्ल्यानंतर अशाच अवस्थेत 2015 पर्यंत होत्या. तेथील परिचारिकांनी त्यांची अखंड शुश्रूषा केली व त्यांना मरण देण्यास विरोध केला. 2011 मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने अरुणाबाईंपुरती विनंती नाकारली. तथापि काही मर्यादांत उपचार थांबविता येतील, हे तत्त्व मान्य केले. कोणाची इच्छा प्रमाण मानावी, हा प्रश्न केवळ वैद्यकाने किंवा केवळ कायद्याने सुटण्यासारखा नव्हता.

मात्र सहा वर्षांचा मार्ग सुखाचा नाही. मुख्य विषयाचे सर्व काम तीनच वर्षांत आटोपावे लागते, गुण उत्तम ठेवावे लागतात आणि बहुधा विधिप्रवेशाची परीक्षाही द्यावी लागते. योजनेत नाव असले तरी विधिमहाविद्यालयातील जागा आपोआप मिळत नाही. विसाव्या-एकविसाव्या वर्षी मरणासन्न रुग्णाच्या हक्कांविषयी वाद घालणाऱ्याने थोडी रुग्णसेवा प्रत्यक्ष पाहिली असती तर बरे, असेही वाटते. त्या वाचलेल्या वर्षाचा तो चांगला उपयोग झाला असता. शिवाय मॉरिशसचा कायदा फ्रेंच संहिता व इंग्रजी पद्धती यांवर उभा असल्याने, परत येऊन वकिली करू इच्छिणाऱ्याने अमेरिकन पदवी येथे कितपत चालेल, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.