दार बंद, पाटी उघडी : टाळेबंदीतील आपले प्राथमिक वर्ग

आपल्या निवासी विद्यालयाच्या वाटचालीचा आढावा घेणाऱ्या या स्मरणिकेत इमारती, निकाल, क्रीडास्पर्धा आणि शिष्यवृत्त्या यांविषयी पुष्कळ लिहिले जाईल आणि ते योग्यच आहे. आम्ही मात्र येथे अशा कालखंडाविषयी लिहीत आहोत, ज्यात इमारत होती पण तीत मुले नव्हती, भोजनगृह होते पण पंगत नव्हती. करोनाच्या काळात आपल्या पहिली ते चौथीच्या वर्गांचे शिक्षण कसे चालले, कोणती साधने उपयोगी पडली आणि कशाची उणीव भरून निघाली नाही, हे पालकांना, माजी विद्यार्थ्यांना व समाजबांधवांना समजावे, हा या लेखाचा हेतू आहे. संकटे पुन्हा येतात. त्या वेळी मागच्या पिढीने काय केले, याची नोंद हाताशी असावी.

बंदीचा काळ किती मोठा होता?

मार्च २०२० च्या मध्यापासून राज्यातील शाळा बंद होऊ लागल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्यानंतर वर्ग उघडले ते मोठ्या मुलांपासून. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून सुरू करण्यास शासनाने मुभा दिली. दुसऱ्या लाटेत तेही पुन्हा बंद झाले. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीच्या वर्गांना परवानगी मिळाली ती थेट १ डिसेंबर २०२१ रोजी. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा काही दिवस दारे मिटली आणि २४ जानेवारीनंतर ती उघडू लागली.

या तारखांचा अर्थ मुलाच्या वयात मांडला पाहिजे. मार्च २०२० मध्ये पहिलीत असलेले मूल वर्गात परतले तेव्हा ते तिसरीत होते. जून २०२० मध्ये ज्याचे नाव पहिलीच्या हजेरीपटावर चढले, त्याने वर्गाचा पहिला दिवस पाहिला तो दुसरीत. अक्षरओळख, जोडाक्षरे, संख्यांची बेरीज-वजाबाकी हा ज्ञानाचा पाया याच दोन वर्षांत घातला जातो. सर्वांत लहान मुले सर्वांत अधिक काळ शाळेबाहेर राहिली, ही या संकटातील सर्वांत गंभीर बाब होती.

निवासी शाळेची अडचण वेगळी का?

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सभेने सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. शाळेचे दार कायद्याने उघडे असले तरी खेड्यातील अस्पृश्य मुलाला शहरात राहायला जागा नाही, जेवायला अन्न नाही आणि अभ्यासाला सोबत नाही, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. वसतिगृह म्हणजे निव्वळ निवारा नव्हे. दोन वेळचे जेवण, रात्रीचा दिवा, बरोबरीच्या मुलांची सोबत आणि दिवसाची शिस्त या चार गोष्टी मिळून वसतिगृह बनते. आपले विद्यालय याच परंपरेतील आहे.

टाळेबंदीने या चारही गोष्टी एका आठवड्यात काढून घेतल्या. गावातल्या शाळेचे शिक्षक आणि मुले निदान एकाच शिवारात असतात. आपली मुले मात्र अनेक तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर पांगली. एका खोलीचे घर, त्यात पाच-सहा माणसे, धाकट्या भावंडाला सांभाळण्याची जबाबदारी आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारे आईवडील, अशा परिस्थितीत मूल अभ्यास करील कुठे आणि केव्हा, हा प्रश्न आमच्यापुढे होता. म्हणून आमच्या दृष्टीने दूरस्थ शिक्षण म्हणजे मुलाला केवळ धडा पाठवणे नव्हते. वसतिगृहाच्या त्या चार गोष्टींपैकी जेवढे शक्य होईल तेवढे त्याच्या दारापर्यंत नेणे, हे खरे काम होते.

पहिली पायरी : मोजदाद

काम सुरू झाले ते नोंदवहीपासून. प्रवेशअर्जांवरील क्रमांकांवर शिक्षकांनी एकेका घरी फोन लावला. कित्येक क्रमांक बंद होते. तेथे शेजारी, किराणा दुकानदार किंवा गावातील माजी विद्यार्थी यांच्यामार्फत शोध घेतला. प्रत्येक मुलापुढे तीन रकान्यांपैकी एकात खूण केली : घरात स्मार्टफोन आहे, साधा बटणांचा फोन आहे, फोनच नाही.

‘असर’ या सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरांतील स्मार्टफोनचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले होते. हा आकडा वाचून अनेकांना वाटले की प्रश्न बराच सुटला. परंतु घरात फोन असणे आणि मुलाच्या हातात फोन असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फोन वडिलांबरोबर सकाळी कामावर जातो. तो रात्री परत येतो तेव्हा एकाच फोनवर तीन भावंडांचा अभ्यास वाट पाहत असतो, रिचार्ज संपलेला असतो, किंवा वस्तीवर वीज नसते. त्यामुळे पहिल्या रकान्यातील मुलांपुढे आम्ही आणखी एक प्रश्न लिहिला : फोन मुलाला किती वाजता मिळतो?

या मोजदादीतून एक तत्त्व पक्के झाले. आखणी तिसऱ्या रकान्यातील मुलापासून सुरू करायची. ज्याच्या घरी काहीच नाही त्याच्यापर्यंत जे पोहोचेल, तो सर्वांचा मूळ अभ्यास. फोनवरचे जे काही असेल ती त्याला जोड. क्रम उलटा लावला असता तर ज्याच्याजवळ साधन, त्यालाच शिक्षण मिळाले असते. शतकानुशतके ज्ञानाच्या बाबतीत आपल्या समाजाने हेच भोगले आहे.

कागद : सर्वांपर्यंत पोहोचणारे साधन

मूळ अभ्यासाचे साधन ठरले स्वाध्यायपत्रिका. दिवसाला एक पान, आठवड्याला सहा पाने. अक्षरे ठळक, चित्रे हाताने काढलेली, आणि प्रत्येक पानावर तीनच कामे. पहिले काम मोठ्याने वाचण्याचे, दुसरे लिहिण्याचे आणि तिसरे घरातील वस्तूंशी जोडलेले : डब्यातील वाट्या मोजणे, ज्वारीच्या दाण्यांच्या दहा-दहाच्या राशी करणे, अंगणाची लांबी पावलांनी मापणे.

पानाच्या खालच्या भागात पालकासाठी एक ओळ असे. आपल्या अनेक माता-भगिनींना अक्षरओळख नाही. म्हणून ती ओळ मुलानेच वाचून दाखवायची आणि आईने केवळ ऐकून तपासायचे, अशी रचना केली. ‘बारा वाट्यांपैकी चार उचलल्या, किती उरल्या?’ हे विचारायला आणि उत्तर पडताळायला आईला लिहिता-वाचता येण्याची गरज नसते. जी माता स्वतः शाळेत गेली नव्हती, तीही अशा रीतीने मुलाच्या शिक्षणात सहभागी झाली.

पत्रिका पोहोचवण्यासाठी वाटपाचे दिवस साधले. शालेय पोषण आहाराचा तांदूळ व डाळ कोरड्या शिध्याच्या रूपात पालकांना दिली जात असे. त्या पिशवीबरोबर पत्रिकांचा गठ्ठा जाई आणि मागचा तपासणीसाठी परत येई. तपासलेल्या प्रत्येक पानावर लाल खुणेबरोबर दोन शब्द लिहायचेच, असा नियम होता. दूर असलेल्या मुलाला आपले पान कोणीतरी वाचले, हे कळणे फार महत्त्वाचे असते.

साधा फोन : आवाजाची शाळा

दुसरे साधन म्हणजे साधा फोन. यातही पुष्कळ शिकवता येते, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. मुलाच्या हातात आणि शिक्षकाच्या हातात पाठ्यपुस्तकाचे एकच पान. मूल वाचते, शिक्षक ऐकतात, अडखळले तेथे थांबवतात. पाढे, कविता आणि तोंडी हिशेबही याच पद्धतीने. प्रत्येक मुलाला आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे. भरलेल्या वर्गातही एकेका मुलाचे वाचन इतक्या निवांतपणे ऐकण्यास शिक्षकाला क्वचितच सवड मिळते.

इतिहासाच्या अभ्यासकाला यात नवल वाटणार नाही. तथागतांचा उपदेश कित्येक शतके लिहिलेला नव्हता. भिक्खूसंघाने तो सामूहिक पठणाने जतन केला आणि त्यासाठी भाणकांची परंपरा उभी राहिली. इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, दुष्काळ व युद्धाच्या संकटात, सिंहलद्वीपात तो ग्रंथबद्ध झाला. ज्ञानाला इमारत लागतेच असे नाही, परंतु सांगणारा, ऐकणारा आणि चूक दुरुस्त करणारा असा संघ मात्र लागतो.

या फोनचा पहिला प्रश्न अभ्यासाचा नसे. ‘जेवलास का? घरी सगळे बरे आहेत ना?’ येथून सुरुवात होई. आजारी, दुर्लक्षित भिक्खूची शुश्रूषा भगवान बुद्धांनी स्वतःच्या हातांनी केल्याचा प्रसंग विनयपिटकात आला आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना निधन झाले. आधी माणसाची विचारपूस आणि मग धडा, हा क्रम आपल्याला या वारशातूनच मिळाला आहे. याच विचारपुशीतून कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही हे समजे आणि गावातील उपासक-उपासिकांकरवी तेथे धान्य पोहोचे.

दूरचित्रवाणी आणि स्मार्टफोन

राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने दैनंदिन अभ्यासमाला पाठवण्यास सुरुवात केली होती. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमुळे दीक्षा ॲपवरील चित्रफिती पाहता येत. ही साधने चांगली होती, परंतु लहान मूल पडद्यासमोर एकटे बसून फार काळ शिकत नाही. म्हणून प्रत्येक कार्यक्रमासाठी एक प्रश्न आधी दिला जाई आणि त्याचे उत्तर फोनवर विचारले जाई. त्यामुळे मूल केवळ प्रेक्षक राहत नसे.

वस्तीगट आणि बुद्धविहार

जेथे रोगाचा प्रादुर्भाव कमी होता, तेथे गावकऱ्यांच्या संमतीने पाच-सहा मुलांचे वस्तीगट बसू लागले. जागा बहुधा बुद्धविहाराचे अंगण किंवा समाजमंदिराची ओसरी. तोंडावर मुखपट्टी, दाराशी साबण-पाणी, दोन मुलांत अंतर. आरंभी त्रिसरण-पंचशील, मग वाचन, लेखन, गणित. हे गट सांभाळले ते आपल्याच माजी विद्यार्थ्यांनी. महाविद्यालये बंद असल्यामुळे तेही घरी होते. कोणी अभियांत्रिकीचा, कोणी परिचर्येच्या शिक्षणक्रमाची विद्यार्थिनी. या दादा-ताईंनी एक पैसाही न घेता मुलांच्या हातातली पाटी सुटू दिली नाही. या स्मरणिकेच्या पानावर त्यांच्याविषयी कृतज्ञता व्यक्त करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

असे प्रयत्न अन्यत्रही झाले. सोलापुरात कामगारवस्तीच्या नीलमनगर भागात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवले गेले. भिंत असो, भोंगा असो वा विहाराचे अंगण, प्रत्येक ठिकाणी शिक्षकांनी मुलाजवळ जे आहे तेथूनच आरंभ केला.

काय पोहोचले नाही?

सत्य सांगितले पाहिजे. वाचन काही अंशी टिकले, परंतु लेखन मागे पडले. हात धरून गिरवायला लावणे फोनवरून होत नाही. पहिलीच्या मुलाला पेन्सिल कशी धरावी हे कागद शिकवू शकत नाही. ‘असर’च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर आले. या आकड्यांमागे आपली मुलेही आहेत.

याहून मोठी हानी हजेरीपटावर दिसली. काही मोठी भावंडे कामावर गेली ती परतली नाहीत. काही मुलींच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. तेथे शिक्षक, विहारातील ज्येष्ठ आणि महिला मंडळाच्या भगिनी घरी जाऊन बसल्या. काही दारे उघडली, काही नाही. न परतलेल्या मुलांची नावे आम्ही वहीतून खोडलेली नाहीत.

परतल्यानंतरचे काम

शासनाने १ जुलै २०२१ पासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम दिला होता. मुले प्रत्यक्ष परतल्यावर त्याच धर्तीवर आपण दररोज दोन तास इयत्ता बाजूला ठेवली. मुलाला अक्षर येते, शब्द येतो, की परिच्छेद येतो, हे पाहून गट केले. तिसरीतला विद्यार्थी अक्षरगटात बसला तर त्याला लाज वाटू नये, म्हणून गटांना पातळीऐवजी फुलांची नावे दिली. वसतिगृहातही पहिले काही आठवडे मुलांना एकत्र जेवणे, एकत्र झोपणे आणि घराची आठवण सोसणे यांची नव्याने सवय लावावी लागली.

त्या काळातील तीन गोष्टी आपण कायम ठेवल्या आहेत : प्रत्येक मुलाच्या घराची अद्ययावत नोंदवही, सुट्टीत घरी नेण्याची स्वाध्यायपत्रिका आणि गावोगावच्या माजी विद्यार्थ्यांची यादी. या यादीत आपले नाव नसल्यास कार्यालयात ते अवश्य नोंदवावे, अशी आमची प्रत्येक माजी विद्यार्थ्याला विनंती आहे. वर्षातून चार रविवार आपल्या गावातील विहारात पाच मुलांना वाचून दाखवणे, एवढेच हे काम आहे. पालकांनाही विनंती की मुलीच्या लग्नाचा किंवा मुलाच्या कामाचा विचार मनात आला, तर निर्णयापूर्वी एकदा शिक्षकांशी बोलावे.

बाबासाहेबांनी वसतिगृह काढले तेव्हा खेड्यातील मूल शाळेपर्यंत आणायचे होते. टाळेबंदीत शाळा त्या मुलापर्यंत न्यावी लागली. दिशा बदलली, काम मात्र एकच होते आणि ते अद्याप संपलेले नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!