थंड समुद्राच्या खात्यावरची उधारी

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत अगदी आरंभीच वस्तूंचे दोन वर्ग केलेले असतात. जी दुर्मीळ असते आणि जिच्यासाठी किंमत मोजावी लागते ती आर्थिक वस्तू. जी मुबलक आणि विनामूल्य मिळते ती मुक्त वस्तू. मुक्त वस्तूंची उदाहरणे म्हणून हवा, सूर्यप्रकाश आणि समुद्राचे पाणी ही नावे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या पाठ करीत आले आहेत. वायू पोटात घेण्याची समुद्राची शक्ती या यादीत कधी आली नाही. वस्तुतः गेल्या दोनशे वर्षांच्या औद्योगिक भरभराटीला या शक्तीचाही मोठा आधार होता. त्या आधाराचा मोबदला मात्र कोणी कोणाला दिलेला नाही. ही मुक्त वस्तू आता दुर्मीळ होऊ लागली असल्याने तिचा हिशेब मांडणे अगत्याचे झाले आहे.

थंड पाण्याचा गुणधर्म

उन्हात राहिलेली सोड्याची बाटली उघडली की वायू फसफसून बाहेर पडतो. तीच बर्फात ठेवलेली असेल तर तो बराचसा पाण्यातच राहतो. समुद्राचेही असेच आहे. वायूचा दाब वाढेल त्या प्रमाणात तो पाण्यात अधिक विरघळतो, हा नियम इंग्लंडमधील विल्यम हेन्री यांनी १८०३ साली मांडला. पाणी जितके थंड तितका त्यात वायू अधिक मावतो, ही त्याची दुसरी बाजू. शून्य अंश सेल्सियसच्या आसपासच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच कर्बवायू, वीस अंशांच्या पाण्यापेक्षा सुमारे दुप्पट विरघळू शकतो.

म्हणूनच पृथ्वीच्या कर्बव्यवहारात ध्रुवाजवळच्या समुद्रांना असाधारण महत्त्व आहे. तेथील थंड आणि खारट पाणी जड होऊन तळाशी जाते आणि विरघळलेला वायू आपल्याबरोबर शेकडो वर्षांसाठी खोल घेऊन जातो. कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू जाळून आणि जंगले तोडून माणूस आज दरवर्षी चार हजार कोटी टनांच्या आसपास कर्बवायू हवेत सोडतो. त्यातील सुमारे एक चतुर्थांश भाग समुद्र शोषून घेतो. आणि समुद्राने उचललेल्या या भारापैकी अदमासे ४० टक्के भार अंटार्क्टिकाला वेढणारा दक्षिण महासागर एकटा वाहतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दशलक्ष भागांत कर्बवायूचे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. समुद्र मध्ये नसता तर हा आकडा याहून पुष्कळच मोठा झाला असता.

घटत्या फलाचा नियम

ही सेवा अखंड मिळत राहील, असे मानण्यास मात्र आधार नाही. समुद्रात शिरलेल्या कर्बवायूचा फारच थोडा अंश वायुरूपात राहतो. बाकीच्याची पाण्यातील कार्बोनेटशी प्रक्रिया होऊन बायकार्बोनेट बनते. जसजसा वायू अधिक शिरतो तसतसे कार्बोनेट खर्ची पडते आणि पुढचा वायू सामावून घेण्याची पाण्याची क्षमता कमी होते. अर्थशास्त्रातील घटत्या फलाच्या नियमाचेच हे रासायनिक रूप म्हणता येईल. रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्येच समुद्राच्या या मर्यादेकडे लक्ष वेधले होते. त्यात पाण्याचे तापमान वाढले की क्षमता आणखी घटते; आणि पृथ्वीवर साचलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्रातच गेली आहे.

या साठवणुकीचे मोल समुद्रातील जीव आजच चुकते करीत आहेत. औद्योगिक काळात समुद्राच्या पृष्ठभागाची आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली आहे. थंड पाण्यात कार्बोनेट मुळातच कमी असल्याने कवचधारी प्राण्यांना तेथे पहिला फटका बसतो. दक्षिण महासागरातून २००८ साली गोळा केलेल्या चिमुकल्या सागरी गोगलगायींची कवचे जिवंतपणीच विरघळू लागल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

दक्षिण महासागर ही काही स्थिर तिजोरी नव्हे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. तेथील प्रचंड वारे खोलातले जुने, कर्बसंपन्न पाणी वर खेचतात आणि त्यातील वायू हवेत निसटतो. १९८१ ते २००४ या काळात या महासागराची शोषणशक्ती अपेक्षेप्रमाणे वाढली नाही, असा निष्कर्ष कोरिन ल केरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मांडला. तर २००२ नंतर ती पुन्हा सावरली, असे २०१५ मधील दुसऱ्या एका अभ्यासाने दाखविले. ज्या ठेवीची रक्कम दशकागणिक अशी हेलकावे खाते, तिच्या भरवशावर जगाने आपला पुढचा संसार मांडावा काय?

वाटा कोणाचा?

येथे न्यायाचा प्रश्न उपस्थित होतो. समुद्र कोणा एका राष्ट्राच्या मालकीचा नाही. मग त्याच्या शोषणशक्तीचा लाभ कोणी किती घ्यावा? १९९० च्या सुमारास अमेरिकेतील वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने प्रत्येक राष्ट्राच्या उत्सर्जनाचा ताळेबंद मांडला. त्यात ज्याचे उत्सर्जन अधिक त्याला समुद्र व वने यांच्या शोषणशक्तीचा वाटाही अधिक, असे सूत्र होते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटचे अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये त्यावर सडेतोड आक्षेप घेतला. निसर्गाची ही देणगी सर्व मानवजातीची असेल तर ती लोकसंख्येच्या प्रमाणात वाटली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याने सामाईक विहिरीतून अधिक पाणी उपसले त्याचाच विहिरीवर अधिक हक्क, हा न्याय गावातल्या पंचांनीसुद्धा मान्य केला नसता.

या युक्तिवादाचे बळ आजही ओसरलेले नाही. आजवर कोळसा व तेल जाळून हवेत गेलेल्या कर्बवायूपैकी सुमारे चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा आहे. जगाच्या लोकसंख्येत सहावा हिस्सा असलेल्या भारताचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास भरतो. तथापि वार्षिक उत्सर्जनात भारत आता जगात तिसरा आहे, हेही तितकेच खरे. शिवाय दरडोई सरासरीच्या आड आपल्यातील सुखवस्तू वर्ग बिनबोभाट लपतो. मेळघाटातील शेतमजुराच्या न जाळलेल्या इंधनाचे पुण्य मुंबईतील वातानुकूलित घरांच्या खात्यावर जमा करणे, ही अगरवाल–नारायण यांच्या सूत्राची विटंबना होईल. जो न्याय आपण जगाकडे मागतो तो देशांतर्गतही पाळावा लागेल.

गोव्यातील संस्थेचा प्रयोग

अलीकडे एका नव्या मोहाची भर पडली आहे. समुद्राची शोषणशक्ती कृत्रिमरीत्या वाढवावी आणि त्या वाढीव शोषणाची पतपत्रे बाजारात विकावीत, असा विचार काही गोटांत बळावतो आहे. याबाबत आपल्याकडचाच एक अनुभव बोलका आहे. २००९ च्या आरंभी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील आणि जर्मनीतील शास्त्रज्ञांनी ‘पोलारस्टेर्न’ या जहाजावरून दक्षिण महासागराच्या अटलांटिककडील भागात ‘लोहाफेक्स’ हा प्रयोग केला. सुमारे ३०० चौरस किलोमीटर क्षेत्रात लोहाचा क्षार सोडला असता सूक्ष्म वनस्पती वाढतील आणि मेल्यावर कर्ब घेऊन तळाशी जातील काय, हे पाहायचे होते. वनस्पती वाढल्या, पण बारीक कवचधारी प्राण्यांनी त्या फस्त केल्या. तेथील पाण्यात सिलिका कमी असल्याने ज्यांची कवचे जड असतात अशा वनस्पतींची वाढ झालीच नाही. तळाशी गेलेला कर्ब अगदी अल्प ठरला. विज्ञानाच्या दृष्टीने प्रयोग मोलाचाच होता. व्यापाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो धोक्याची सूचना होती. जो माल मोजता येत नाही आणि पोहोचल्याची खात्री देता येत नाही, त्याची पावती फाडून कारखान्याच्या धुराड्याला परवाना देणे, याला व्यवहार म्हणता येणार नाही.

माफी नव्हे, कर्ज

समुद्राने उचललेला भार ही आपल्याला मिळालेली माफी आहे, हा समज सर्वांत घातक आहे. हिमयुगात हवेतील कर्बवायू दशलक्ष भागांत १८०–१९० भागांपर्यंत उतरला होता; कमी झालेला वायू मुख्यतः खोल समुद्रात साठला होता आणि हिमयुग ओसरताना तो परत हवेत आला, असे शास्त्रज्ञ मानतात. उद्या माणसाने यंत्रे लावून हवेतला कर्बवायू काढण्यास सुरुवात केली, तरी हवेतला दाब घटताच समुद्र आपल्याकडील काही साठा परत सोडू लागेल. म्हणजे हवा स्वच्छ करणाऱ्याला समुद्राची जुनी थकबाकीही फेडावी लागणार. हे कर्ज वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जाते, आणि तिला ते नाकारण्याची सोय नाही.

यातून तीन गोष्टी ओघानेच येतात. पहिली, कोणत्याही राष्ट्राने आपल्या ताळेबंदात खुल्या समुद्राच्या नैसर्गिक शोषणाला स्वतःची कमाई म्हणून दाखवू नये. दुसरी, आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत भारताने सामाईक वाट्याचा आग्रह धरावा, परंतु २०७० सालचे शून्य उत्सर्जनाचे आपले उद्दिष्ट समुद्राच्या औदार्यावर बेतू नये. तिसरी गोष्ट मोजमापाची. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम १९८१ साली गोव्याहूनच निघाली आणि दक्षिण महासागराच्या अभ्यासासाठी २००४ पासून आपल्या स्वतंत्र मोहिमा सुरू झाल्या. वादळी हिवाळ्यात तेथे जहाजे क्वचितच जातात. त्यामुळे नोंदी सर्वांत विरळ आहेत त्या याच ऋतूच्या. तरंगत्या स्वयंचलित यंत्रांनी ही उणीव काहीशी भरून काढली आहे. त्यांत भर घालण्यासाठी लागणारा खर्च अंदाजपत्रकात अनुत्पादक समजून छाटला जाऊ नये. ज्याच्याकडून आपण इतकी उधारी केली, त्याच्या वहीत काय लिहिले आहे हे वाचण्यापुरती तरी तरतूद ऋणकोने करावयास हवी.