जड भार ओढणारी डिझेल पिकअप : निगा आणि चालविण्याची शिस्त

जयपूरच्या उत्तरेकडील चोमू आणि पूर्वेकडील बस्सी हा परिसर भाजीपाल्यासाठी ओळखला जातो. तेथील टोमॅटो, वाटाणा व इतर भाज्या मुहाना येथील बाजार समितीत पोहोचविण्याचे बरेचसे काम डिझेल पिकअप गाड्या करतात. चोमूवरून जयपूरला येणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 52 पुढे कोटा, इंदूर, धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड असा सोलापूरपर्यंत जातो. म्हणजे जयपूरचा शेतकरी आणि मराठवाड्याचा शेतकरी एकाच रस्त्याचे प्रवासी आहेत. उन्हाळ्यातील चाळीस अंशांपुढचे तापमान, धूळ, भरलेली गाडी आणि बाजाराची वेळ गाठण्याची घाई या अडचणीही दोघांना समान आहेत. अशा गाडीमागे थ्रेशर, पाण्याची टाकी किंवा दोन चाकी ट्रॉली जोडली की प्रश्न केवळ इंजिनाच्या ताकदीचा राहत नाही, तर भार थांबविण्याचा होतो. भार ओढता आला म्हणजे तो थांबविताही येईल, असे नसते.

भाराचा हिशेब

प्रथम गाडीची माहितीपुस्तिका पाहावी. गाडीवर किती वजन भरता येते आणि मागे किती ओढता येते, या दोन वेगळ्या मर्यादा आहेत. अनेक पिकअप माल वाहण्यासाठी मान्य असतात. मागे ओढण्याची मर्यादा पुस्तिकेत दिलेली नसल्यास गाडीला ट्रॉली जोडू नये व ते काम ट्रॅक्टरवर सोपवावे. कारखान्याने न दिलेला हूक गावातील वेल्डिंगच्या दुकानातून चॅसिसला जोडून घेणे धोक्याचे असते, कारण तो ताण सोसण्यासाठी चॅसिस त्या ठिकाणी मजबूत केलेली नसते.

मर्यादा ठाऊक झाल्यावर एक साधे गणित करावे. रिकामी पिकअप 1.7 टन, तीवरील माल 1 टन आणि भरलेली ट्रॉली 1.3 टन धरल्यास एकूण भार 4 टन होतो. चांगल्या सपाट डांबरी रस्त्यावर संथ गतीने हा भार हलता ठेवण्यास साधारण 60 किलो ओढ पुरते. वीस मीटर अंतरात एक मीटर चढ आला की त्यात 200 किलोंची भर पडते, म्हणजे ओढ चौपटीहून अधिक होते. भुसभुशीत वाळूच्या शेतरस्त्यावर सपाटीलाही ओढ अनेक पटींनी वाढते. सपाट रस्त्यावर सहज धावणारी गाडी बांधावर किंवा घाटात अचानक तापते, त्याचे कारण हेच आहे.

दोन चाकी ट्रॉलीच्या एकूण वजनापैकी सुमारे 10 ते 15 टक्के वजन हुकावर यावे. वरील उदाहरणात ते 130 ते 195 किलो होते आणि ते पिकअपवरील मालाच्या मर्यादेतच मोजावे लागते. माल मागे भरला गेल्यास हूक वर उचलला जातो, गाडीची मागील चाके हलकी पडतात आणि ट्रॉली डावी-उजवीकडे झुलू लागते. म्हणून जड पोती, क्रेट किंवा यंत्राचा जड भाग चाकांच्या थोडा पुढे ठेवावा व माल दोरखंडाने घट्ट बांधावा.

इंजिन : उष्णता आणि धूळ

भार ओढताना इंजिन अधिक डिझेल जाळते व अधिक उष्णता निर्माण करते. ती बाहेर टाकण्याचे काम रेडिएटर करतो. मळणीच्या हंगामात त्याच्या पातळ पत्र्यांत भुसा अडकतो. तो हलक्या हवेने इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने काढावा. उलट दिशेने हवा मारल्यास भुसा आणखी आत बसतो. कूलंटऐवजी विहिरीचे क्षारयुक्त पाणी वापरल्यास आत खपली धरते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. तापमानाचा काटा वर चढू लागल्यास वातानुकूलन बंद करावे, खालचा गिअर घ्यावा आणि गती कमी करावी. काटा तरीही उतरला नाही, तर गाडी सुरक्षित जागी थांबवावी.

मे-जून महिन्यांत राजस्थानात धुळीच्या आंधी येतात. फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ पिस्टन व सिलिंडर कानशीसारखी घासते. त्यामुळे धुळीच्या दिवसांत हवेचा फिल्टर वेळापत्रकाची वाट न पाहता तपासावा. कागदी फिल्टर जमिनीवर आपटू नये किंवा जोराच्या हवेने साफ करू नये. कागदाला पडलेले सूक्ष्म छिद्र डोळ्यांना दिसत नाही. फिल्टरपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळीचे क्लॅम्प घट्ट असावेत. डिझेल फिल्टरखालील पाणी नियमित काढावे, कारण इंधनातील पाणी इंजेक्टर खराब करते.

मोठा चढ चढून आल्यावर गाडी लगेच बंद करू नये. टर्बो त्या वेळी अतिशय तापलेला असतो. इंजिन बंद होताच त्यातील तेलाचा प्रवाह थांबतो आणि साचलेले तेल करपते. एक-दोन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवणे पुरेसे असते.

बीएस-6 गाड्यांसाठी विशेष सूचना

1 एप्रिल 2020 पासून विकल्या गेलेल्या नव्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारा फिल्टर असतो. ही काजळी ठरावीक काळाने जाळली जाते व त्यासाठी गाडी काही काळ सलग चालावी लागते. शेत ते गाव एवढ्याच लहान फेऱ्या केल्यास फिल्टर तुंबतो. सूचक दिवा लागल्यास पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर गाडी सलग चालवावी. काजळी जळत असताना धुराड्यातून अत्यंत गरम वायू बाहेर पडतो. अशा वेळी कडबा, भुसा किंवा वाळलेल्या गवतावर गाडी उभी केल्यास आग लागू शकते. अशा इंजिनाला पुस्तिकेत सांगितलेल्या श्रेणीचेच कमी राखेचे तेल घालावे.

काही गाड्यांना युरियाचे द्रावण लागते. त्यात 32.5 टक्के अतिशुद्ध युरिया असतो. शेतीसाठी मिळणारा कडुनिंबलेपित युरिया पाण्यात विरघळवून टाकीत ओतणे ही महाग पडणारी चूक आहे. त्यातील अशुद्ध घटकांमुळे सगळी यंत्रणा निकामी होऊ शकते.

चढ, उतार आणि ब्रेक

वेग 40 वरून 60 किलोमीटर झाला, तर थांबविण्याची ऊर्जा दीडपट नव्हे, सव्वादोन पट होते. ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता बनते. लांब उतारावर पाय सतत ब्रेकवर ठेवल्यास ड्रम व लायनर तापतात, पकड कमी होते आणि ब्रेक ऑइल उकळल्यास पायडल थेट खाली जाते. बिजासन किंवा कन्नडच्या औट्रम घाटासारख्या ठिकाणी जुन्या चालकांचा नियम पाळावा : ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच घ्यावा. ब्रेक थोडा वेळ ठामपणे दाबून वेग उतरवावा व पाय काढून तो थंड होऊ द्यावा.

डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय अनेकांना आहे. आधुनिक इंजिनात गिअर घालून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंधनाचा पुरवठा आपोआप थांबतो. त्यामुळे न्यूट्रलमध्ये काहीच वाचत नाही. उलट इंजिनाचा रोध नाहीसा होतो. इंजिन बंद करणे तर अधिक घातक आहे, कारण ब्रेकला मिळणारी मदत संपते.

ट्रॉली झुलू लागल्यास जोरात ब्रेक मारू नये आणि स्टिअरिंग फिरवून ती सरळ करण्याचाही प्रयत्न करू नये. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडावा व वेग आपोआप उतरू द्यावा. नंतर थांबून भार पुन्हा मांडावा. चढावर अर्धा क्लच दाबून गाडी तोलून धरू नये. त्यासाठी हँडब्रेक वापरावा.

निघण्यापूर्वीची तपासणी

1. टायरमधील हवा गाडी थंड असताना तपासावी. तापलेल्या टायरमधील वाढलेली हवा सोडू नये.
2. चाक बदलल्यानंतर 50 ते 100 किलोमीटरवर नट पुन्हा आवळावेत.
3. पाट्यांची तुटफूट आणि यू-बोल्टचा सैलपणा पाहावा.
4. हुकाची पिन कुलूपबंद असावी. सुरक्षा साखळ्या हुकाखालून एकमेकींना छेदून जोडाव्यात.
5. ट्रॉलीचे मागील दिवे व परावर्तक पट्ट्या स्वच्छ असाव्यात.
6. ट्रॉलीच्या बेअरिंगमध्ये हंगामापूर्वी नवे ग्रीस भरावे. एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापत असल्यास बेअरिंग किंवा ब्रेक तपासावा.
7. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. साधारण दोन वर्षांनी ते बदलावे.

कायदेशीर बाजू

ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी व विमा आवश्यक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार जादा भारासाठी 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंडाची तरतूद आहे. जादा माल उतरविण्याचा खर्चही वाहनाकडूनच घेतला जातो. सर्वोच्च न्यायालयाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी दिलेल्या निकालानुसार हलक्या वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालवू शकते.

कृषी विस्तार कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच्या शेतकरी मेळाव्यात बियाणे व औषधांबरोबर या तपासणीचे प्रत्यक्ष प्रात्यक्षिक ठेवावे. भरलेली ट्रॉली एकदा वजनकाट्यावर नेली, तरी अनेकांचा अंदाज किती चुकतो ते तेथेच दिसून येईल. वर्षभराच्या कष्टाचा माल आणि तो नेणारा माणूस एकाच गाडीत असतात; बाजारात अर्धा तास उशिरा पोहोचल्याने होणारे नुकसान भरून निघते, घाटात निकामी झालेल्या ब्रेकचे नाही.