कंधार : एका जुन्या राजधानीचे दर्शन

राजधानी म्हटली की डोळ्यांसमोर उंच प्रासाद, रुंद राजमार्ग आणि माणसांची अखंड वर्दळ उभी राहते. ज्या राजधान्या आजही नांदत्या आहेत, त्यांचे वैभव पाहणे सोपे असते. युरोपच्या उत्तरेस स्वीडन नावाचा देश आहे. त्याची राजधानी स्टॉकहोम पाहावयास जाणाऱ्या प्रवाशाला पाण्याच्या काठी उभा असलेला राजवाडा, त्याच्या पाठीमागचे जुने नगर आणि त्यातील अरुंद गल्ल्या कोणी न सांगताही दिसतात. परंतु ज्या नगराचे राज्य लोपून हजार वर्षे उलटली, ते नगर कसे पाहावे? नांदेड जिल्ह्यातील कंधार हे गाव या प्रश्नाचे उत्तर देते.

नांदेडहून दक्षिणेकडे निघाले की लोहा गाव लागते, आणि सुमारे ५० किलोमीटरांचा प्रवास संपता संपता कंधार येते. जवळून मन्याड नदी वाहते. ती पुढे मांजरेला मिळते आणि मांजरा आपले पाणी गोदावरीच्या स्वाधीन करते. अफगाणिस्तानातही याच नावाशी मिळतेजुळते एक मोठे नगर आहे. त्यामुळे जुन्या इतिहासाच्या पोथ्या वाचताना पुष्कळांची फसगत होते. मराठवाड्याचे कंधार मात्र त्याहून वेगळे असून त्याची कीर्ती स्वतःच्या पराक्रमावर उभी आहे.

ही कीर्ती राष्ट्रकूट राजांच्या काळातली. इ. स. ७५३ च्या सुमारास दंतिदुर्ग नावाच्या शूर पुरुषाने बदामीच्या चालुक्यांचा पराभव करून राष्ट्रकूटांचे स्वतंत्र राज्य स्थापिले. त्याच्या मागून गादीवर आलेल्या पहिल्या कृष्णराजाच्या कारकिर्दीत वेरूळचे कैलास लेणे खोदले गेले. या घराण्याचा दरारा इतका वाढला की त्या काळी व्यापारासाठी येणारे अरब प्रवासी जगातील चार थोर राजांमध्ये बगदादचा खलीफा, चीनचा सम्राट व रोमचा बादशहा यांच्या बरोबरीने राष्ट्रकूट राजाची गणना करीत. राष्ट्रकूटांची मुख्य राजधानी मान्यखेट, म्हणजे आज कर्नाटकात असलेले मालखेड. तथापि कंधारपूर हेही दुसऱ्या राजधानीच्या तोलाचे नगर होते. इ. स. ९३९ ते ९६७ पर्यंत राज्य करणारा तिसरा कृष्णराज येथील किल्ल्याचा निर्माता मानला जातो, आणि 'कंधारपुरवराधीश्वर', म्हणजे कंधार या श्रेष्ठ नगराचा स्वामी, अशी त्याची पदवी सांगितली जाते.

कंधारचे दर्शन घेणाऱ्याने प्रथम किल्ल्याकडे न जाता तलावाच्या काठी जावे. गावाला लागूनच एक विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. त्याचे नाव जगत्तुंग सागर. 'जगत्तुंग' हे राष्ट्रकूट राजांचे बिरुद होते. जगामध्ये जो सर्वांत उंच तो जगत्तुंग. कंधार येथे सापडलेल्या शिलालेखात या तलावाचा उल्लेख 'जगत्तुंगसमुद्र' असा आढळतो. समुद्र तर येथून शेकडो कोस दूर! मग एका तलावाला समुद्र का म्हटले असावे?

याचे कारण येथील भूमीत दडलेले आहे. मराठवाड्यात पाऊस पडतो तो मुख्यतः चार महिने, आणि तोही दर वर्षी सारखा नसतो. वर काळी माती असली तरी तिच्याखाली कठीण कातळ पसरलेला आहे. त्यामुळे पाणी खोलवर झिरपत नाही. ते ओढ्यानाल्यांवाटे पाहता पाहता वाहून जाते. हजारो माणसे, हत्ती, घोडे आणि गुरे जेथे बारा महिने राहावयाची, तेथे ते पाणी अडवून ठेवल्यावाचून गत्यंतर नसते. तट बांधण्यास विलंब झाला तर शत्रू येण्याची भीती. परंतु पाण्याची सोय झाली नाही तर शत्रू न येताही नगर ओस पडते. म्हणूनच जाणत्या राजांनी उताराच्या तळाशी बांध घालून पावसाचे पाणी साठविले आणि कृतज्ञतेने त्या साठ्याला समुद्र म्हटले.

हा विचार जुना असला तरी शिळा झालेला नाही. राष्ट्रकूट राजे आपल्या लेखांत स्वतःस 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. लट्टलूर हे त्यांच्या पूर्वजांचे मूळ गाव. ते लट्टलूर म्हणजेच शेजारच्या जिल्ह्यातील आजचे लातूर, असे बहुतेक इतिहासकार मानतात. त्याच लातूर शहरावर २०१६ साली अशी वेळ आली की धरण कोरडे पडले आणि पिण्याचे पाणी मिरजेहून आगगाडीने आणावे लागले. एप्रिल महिन्यात आलेल्या पहिल्या गाडीतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. स्टेशनावर ती गाडी पाहण्यास जमलेल्या लोकांना एका थेंबाचे मोल निराळे सांगावे लागले नसेल. ज्यांच्या पूर्वजांचे गाव लट्टलूर, त्या राजांनी कंधारला समुद्र बांधला आणि हजार वर्षांनी लट्टलूरला पाण्याची गाडी आली, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे जगत्तुंग सागर ही कंधारची पहिली प्रेक्षणीय वस्तू का, हे ध्यानात येते.

तलावानंतर किल्ला पाहावा. सह्याद्रीतील किल्ल्यांप्रमाणे तो डोंगरावर नाही. सपाट भूमीवर बांधलेला हा भुईकोट आहे. डोंगरी किल्ल्याचे रक्षण उंच कडे करतात. भुईकोटाला तसा कडा नसतो. म्हणून त्याच्याभोवती खोल खंदक खणतात आणि आत भक्कम तट उभारतात. कंधारच्या किल्ल्याभोवतीही असा खंदक आहे. तो ओलांडून आत जाणारी वाट सरळ नाही. एका दरवाजातून दुसऱ्याकडे जाताना ती वळणे घेते. हत्तीच्या धडकेने दरवाजा फोडण्याचा तो काळ. हत्तीला दुरून धावत येण्यास जागा मिळू नये आणि शत्रू वळणावर थबकला की वरच्या तटावरून त्याच्यावर मारा करता यावा, असा त्या वळणांचा हेतू. पाहणाऱ्याने प्रत्येक वळणावर क्षणभर थांबून वरच्या तटाकडे नजर टाकावी, म्हणजे दगडांतील युक्ती आपोआप उलगडते.

आत लाल महाल, शीश महाल आणि अंबरखाना अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या इमारतींचे अवशेष आहेत. अंबरखाना म्हणजे धान्याचे कोठार. ही नावे राष्ट्रकूटांच्या काळची नव्हेत, हे ऐकताच कळते. राष्ट्रकूटांचे राज्य इ. स. ९७३ च्या सुमारास मावळले. पण कंधार ओस पडले नाही. बहामनी सुलतान, अहमदनगरची निजामशाही अशा अनेक सत्ता येथे नांदल्या. १६३१ साली शहाजहान बादशहाच्या सैन्याने हा किल्ला घेतला, आणि पुढे तो हैदराबादच्या निजामाकडे गेला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या सत्तेतून मुक्त झाला, तेव्हा कंधारही स्वतंत्र भारताचा भाग बनले. प्रत्येक राजवटीने या किल्ल्यात काही बांधले, काही दुरुस्त केले आणि काही पाडले. तटाच्या भिंतीत वा पडवीत एखादा कोरीव दगड भलत्याच जागी बसविलेला दिसला, तर तो एखाद्या जुन्या वास्तूचा तुकडा असण्याचा संभव असतो. किल्ल्याच्या भिंती अशा रीतीने एकाखाली एक लिहिलेल्या पानांसारख्या वाचाव्या लागतात.

कंधारचे सर्वांत मोठे आश्चर्य मात्र मोडक्या तुकड्यांचे आहे. या परिसरात क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे भाग सापडले. क्षेत्रपाल म्हणजे शिवारांचे व नगरांचे रक्षण करणारी देवता. गावाच्या वेशीवर राखणदार देव असतो, ही कल्पना खेड्यापाड्यांत आजही जिवंत आहे. राजधानीचा राखणदार राजधानीला शोभेल असाच हवा, म्हणून तो थोर आकाराचा घडविला असावा. मूर्ती अखंड राहिलेली नाही. पाऊल व इतर अवयवांचे भाग तेवढे हाती लागले. तरीही अभ्यासक तिची उंची पन्नास फुटांच्या घरात असावी, असे सांगतात.

न पाहिलेल्या मूर्तीची उंची कशी कळते? त्याची रीत सोपी आहे. मनुष्याच्या पावलाची लांबी ही त्याच्या उंचीचा साधारण सहावा-सातवा हिस्सा असते. कोणाही मुलाने दोरीने आपले पाऊल मोजून त्या मापाने आपली उंची मोजावी, म्हणजे याची खात्री पटेल. प्राचीन शिल्पकारही मूर्ती घडविताना प्रत्येक अवयवाचे प्रमाण ठरवून घेत. म्हणून एका अवयवाचे माप मिळाले की त्यावरून संपूर्ण मूर्तीचा अंदाज बांधता येतो. इतिहास शोधणाऱ्यांचे कामही असेच चालते. त्यांच्या हाती तुकडा येतो, आणि त्यावरून ते संपूर्ण नगर पुन्हा उभे करतात.

कंधारचा शिलालेख हाही असाच एक तुकडा. तिसऱ्या कृष्णराजाच्या काळातील तो लेख येथील देवालयांची व त्यांना दिलेल्या दानांची माहिती देतो. त्यातील पुष्कळशी देवालये आज दिसत नाहीत. तो दगड सापडला नसता, तर ती येथे होती हेही कोणास कळले नसते. परिसरात मिळालेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती निराळीच साक्ष देतात. एका धर्माचे लोक दुसऱ्याच्या शेजारी नांदत होते, हे त्यांवरून दिसते. ती परंपरा पुढेही चालू राहिली. येथील सूफी संत हाजी सय्याह यांचा दर्गा दूरदूरच्या भाविकांस ठाऊक आहे, आणि उरुसाच्या दिवसांत त्यांची तेथे दाटी होते.

स्टॉकहोमच्या बंदरात १६२८ साली 'वासा' नावाचे एक नवे कोरे युद्धजहाज पहिल्याच सफरीत बुडाले. तीनशे तेहतीस वर्षे पाण्याखाली राहिलेले ते जहाज तेथील लोकांनी १९६१ साली वर काढले, लाकडाचा तुकडान् तुकडा जपला आणि त्यासाठी एक स्वतंत्र संग्रहालय बांधले. आज जगभरचे प्रवासी ते बुडालेले जहाज पाहण्यासाठी त्या शहरात येतात. वस्तू अखंड आहे की भंगलेली, यावर तिचे मोल ठरत नाही. ती जपणारी माणसे असतील, तर भंगलेली वस्तूही बोलू लागते.

कंधारच्या दगडांचेही तसेच आहे. जुन्या तटाचा घडीव दगड घराच्या पायऱ्यांसाठी उचलून नेला, किंवा भिंतीवर कोणी खिळ्याने आपले नाव कोरले, तर एका पानातील एक ओळ कायमची पुसली जाते. ती पुन्हा लिहिता येत नाही. कारण लिहिणारे हात हजार वर्षांपूर्वीच गेले. उलट एखाद्या शेतकऱ्याच्या नांगराला लागलेला कोरीव दगड त्याने जपून ठेवला आणि जाणत्या माणसास दाखविला, तर कदाचित एखाद्या हरवलेल्या देवालयाचे नाव पुन्हा कळेल.

सायंकाळी किल्ल्याच्या तटावर सावल्या लांबतात आणि जगत्तुंग सागराच्या पाण्यावर सोनेरी झळाळी येते. राजे गेले, त्यांची सिंहासने गेली, मुख्य राजधानी मान्यखेटही उजाड झाली. परंतु लोकांसाठी अडविलेले पाणी अजून काठाशी हेलकावते आहे. जुन्या राजधानीचे दर्शन घेण्यास आलेल्या प्रवाशाने कंधारहून परतताना ही एक खूण मनाशी बाळगावी.