विश्लेषण : मुख्य परीक्षेआधीच ‘गेट’! अमेरिकेतील ‘कॉमसे’ ही सराव परीक्षा का गाजते?

अमेरिकेतील ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थ्यांना डॉक्टरकीच्या परवान्यासाठी ‘कॉमलेक्स’ ही परीक्षा द्यावी लागते. तिच्या पहिल्या टप्प्याचा निकाल आता फक्त ‘पास’ किंवा ‘नापास’ असा लागतो. मात्र त्याआधी स्वतःची तयारी जोखण्यासाठी असलेल्या ‘कॉमसे’ या सराव परीक्षेत तीन अंकी गुण मिळतात. मुख्य परीक्षेला बसू द्यायचे की नाही, हे काही कॉलेजे त्याच गुणांवर ठरवतात.

‘डीओ’ म्हणजे नेमके कोण?

आपल्याकडे दवाखान्याच्या पाटीवर ‘डीओ’ दिसले की डोळ्यांचे डॉक्टर, असा अर्थ घेतला जातो. अमेरिकेत मात्र ‘डीओ’ म्हणजे ‘डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन’. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिझुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे या शाखेचे पहिले कॉलेज सुरू केले. आजचे ‘डीओ’ हे ‘एमडीं’प्रमाणेच औषधे देतात, शस्त्रक्रिया करतात. फरक इतकाच, की स्नायू, सांधे आणि मणक्यावर हाताने करायच्या उपचारांचे जादा शिक्षण त्यांना घ्यावे लागते. इतर अनेक देशांत ‘ऑस्टिओपॅथ’ म्हणजे केवळ हाताने उपचार करणारा थेरपिस्ट, त्यामुळे गोंधळ होतो. अमेरिकेतील दर चार वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी साधारण एक आज ‘डीओ’ कॉलेजात शिकतो.

परीक्षांची रचना कशी?

‘कॉमलेक्स’चे तीन टप्पे आहेत आणि ‘नॅशनल बोर्ड ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिकल एक्झामिनर्स’ ही संस्था ती घेते. पहिला टप्पा बहुतेक जण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी देतात. एका दिवसात ३५२ प्रश्न. ‘कॉमसे’ही हीच संस्था तयार करते. प्रत्येक टप्प्याला समांतर अशी तिची एकेक पायरी असते. निकालात एकूण गुण असतात, शिवाय कोणत्या विषयात आपण कुठे आहोत हेही दिसते. मुख्य परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात उत्तीर्ण होण्याची रेषा ४०० आहे, त्यामुळे विद्यार्थी सरावातील आकडाही याच रेषेशी ताडून पाहतात.

मग घोडे अडते कुठे?

नावाप्रमाणे ही आत्मपरीक्षणाची परीक्षा. द्यावी, कच्चे विषय ओळखावेत आणि पुन्हा अभ्यासाला लागावे, एवढीच अपेक्षा. पण पहिल्या टप्प्याला बसण्यासाठी कॉलेजची मान्यता लागते. ती देताना काही कॉलेजे ‘कॉमसे’त किमान गुणांची अट घालतात, आणि ती ४००च्याही वर, काही ठिकाणी ४५० असते. म्हणजे मुख्य परीक्षेत काठावर पास होऊ शकेल असा विद्यार्थीही सरावातच अडकू शकतो. आपल्याकडे बारावीच्या प्रिलिमला कमी गुण पडले तर फार तर पालकांना बोलावणे येते, बोर्डाचे हॉल तिकीट सहसा अडत नाही.

अट पूर्ण झाली नाही तर परीक्षेची तारीख पुढे जाते. पाठोपाठ तिसऱ्या वर्षातील हॉस्पिटलमधील प्रशिक्षणाचे वेळापत्रक सरकते. अनेकांच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज असते, त्यामुळे हा उशीर स्वस्तात पडत नाही.

याचा अभ्यासावरही परिणाम होतो. आपले कच्चे दुवे कळावेत म्हणून ही परीक्षा लवकर, अर्ध्या तयारीवर दिली तर तिचा खरा उपयोग. पण आकडा कॉलेजच्या दप्तरी जाणार म्हटल्यावर कोण अर्ध्या तयारीवर बसेल? शिवाय ‘कॉमसे’चे संच मोजकेच आहेत. तेच प्रश्न पुन्हा समोर आले तर वाढलेला आकडा तयारीचा की आठवणीचा, हे सांगणे कठीण.

कॉलेजे अशी अट का घालतात?

त्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. पहिल्याच प्रयत्नात किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, ही माहिती कॉलेजांना जाहीर करावी लागते. त्यावर त्यांची पत अवलंबून असते. विद्यार्थ्यासाठीही नापासाचा शिक्का पुसला जात नाही. सगळे प्रयत्न गुणपत्रकावर राहतात आणि रेसिडेन्सीसाठी, म्हणजे आपल्याकडील पीजीसारख्या प्रशिक्षणासाठी, निवड करणाऱ्यांना ते दिसतात. एका टप्प्यासाठी प्रयत्नही जास्तीत जास्त चारच. तयारी नसलेल्याला थांबवणे त्याच्याच भल्याचे, असे म्हणता येते. प्रश्न आहे तो एका दिवसाच्या एका आकड्यावर हा निर्णय सोपवण्याचा. कोणत्याही परीक्षेतील गुणांत थोडा चढउतार गृहीत असतो. मापनशास्त्राच्या हिशेबात ४४५ आणि ४५५ यांत फारसे अंतर नाही. अटीच्या हिशेबात मात्र एक जण आत, दुसरा बाहेर.

‘एमडी’ विद्यार्थ्यांच्या ‘यूएसएमएलई’ परीक्षेच्या सरावात हा धोका वेगळ्या पद्धतीने मांडला जातो. तिथे पहिल्या टप्प्याच्या सराव चाचणीचा अहवाल ‘आठवडाभरात परीक्षा दिली तर उत्तीर्ण होण्याची शक्यता इतके टक्के’ असे सांगतो. ‘एमडीं’चा पहिला टप्पा जानेवारी २०२२ मध्ये आणि ‘डीओं’चा त्याच वर्षी मे महिन्यात गुणांविना झाला.

मराठी विद्यार्थ्यांचा संबंध काय?

भारतात एमबीबीएस करून अमेरिकेत जाणाऱ्यांचा ‘कॉमलेक्स’शी संबंध येत नाही. त्यांची वाट ‘यूएसएमएलई’चीच. मात्र अमेरिकेत वाढलेली मराठी मुले ‘डीओ’ कॉलेजचा विचार करत असतील, तर प्रवेशापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : ‘कॉमसे’ची किमान गुणांची अट आहे का, ती पूर्ण करायला किती संधी मिळतात आणि परीक्षा लांबली तर त्या काळातील फी कोण भरणार. ही अट बहुधा कॉलेजच्या विद्यार्थी नियमावलीत सापडते, जाहिरातीत नाही.