किल्ली करण्यापूर्वी कुलूप ओळखा

नारो शंकर १७४२ साली झाशीचे सुभेदार म्हणून आले आणि मराठी कुटुंबे तेथे स्थायिक होऊ लागली. अशा जुन्या शहरात वाड्याच्या दाराला कडी-कोयंडा व भक्कम कुलूप, तर नव्या सदनिकेच्या दाराला लॅच, असे दोन काळ शेजारी शेजारी नांदतात. किल्ली हरवली किंवा झिजली की प्रश्न मात्र एकच उभा राहतो : दुसरी किल्ली कशी करावी? याचे उत्तर कुलपाच्या अंतर्गत रचनेत असते.

काही जुन्या कुलपांत केवळ पत्र्याचे अडथळे असतात आणि ते चुकविण्यापुरत्या खाचा किल्लीला असतात. अशी किल्ली कारागीर कानशीने सहज घडवितो. परंतु तितक्याच सहजतेने दुसऱ्या एखाद्या साध्या किल्लीनेही ते कुलूप उघडू शकते. तेथे नवी किल्ली करण्यापेक्षा नवे कुलूप घेणे श्रेयस्कर.

लिव्हरच्या कुलपात प्रत्येक लिव्हर नेमक्या उंचीपर्यंतच उचलली जावी लागते. रॉबर्ट बॅरन यांनी इंग्लंडमध्ये १७७८ साली या तत्त्वाचे पेटंट घेतले. उत्तर प्रदेशातीलच अलीगढ कुलपांसाठी प्रसिद्ध आहे. अशा कुलपाची किल्ली करताना दांडी पोकळ की भरीव, तिची जाडी व लांबी किती आणि पात्यावरील दात कसे, हे सर्व जुळावे लागते.

लॅचमध्ये बहुधा पिनांची नळी असते. लायनस येल (धाकटे) यांनी १८६१ मध्ये अमेरिकेत चपट्या किल्लीच्या अशा कुलपाचे पेटंट घेतले. येथे कोऱ्या किल्लीच्या अंगावरील उभ्या खोबणी प्रथम जुळाव्या लागतात. दात त्यानंतर कापायचे. दातांऐवजी खळगे असलेली किल्ली असल्यास साध्या यंत्रावर तिची नक्कल होत नाही. तिच्यासोबतच्या कार्डावरील क्रमांक जपून, पण किल्लीपासून दूर ठेवावा.

नक्कल नेहमी मूळ किल्लीवरून करावी. नकलेची नक्कल केल्यास सूक्ष्म चुका वाढत जातात. झिजलेल्या किल्लीची नक्कल झीजच उतरवून घेते. नवी किल्ली दार उघडे ठेवूनच फिरवून पाहावी. ती अडल्यास जोर लावू नये. किल्ली आत मोडण्याचा संभव असतो.

किल्ली हरवली आणि सोबत पत्ता असलेला कागदही गेला, तर नक्कल पुरेशी नाही, कुलूपच बदलावे. लॅच असल्यास बहुधा केवळ नळी बदलून भागते. भाड्याच्या घरात नव्याने राहावयास जातानाही, घरमालकाच्या संमतीने, हीच दक्षता घ्यावी.

बँकेच्या लॉकरचा न्याय याहून कडक आहे. लॉकर दोन किल्ल्यांनी उघडतो : एक बँकेची, दुसरी ग्राहकाची. ग्राहकाच्या किल्लीची नक्कल बँकेकडे नसते आणि ती बाहेर करून घेणेही योग्य नाही. किल्ली हरवताच शाखेस लेखी कळवावे. त्यानंतर ग्राहकासमक्ष लॉकर तोडून उघडला जातो व कुलूप बदलले जाते. त्याचा खर्च ग्राहकाकडून घेतला जातो. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२१ च्या सुधारित सूचना, ज्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झाल्या, त्यांतही लॉकर उघडण्याची कार्यपद्धती ठरवून दिली आहे.

किल्ली काही रुपयांत होते. तिने जपलेल्या ठेव्याचे मोल त्याहून कितीतरी मोठे असते.